पुळणीवरचा पाठ

स्मरणिकेत निकालांचे तक्ते असतात, इमारतीचा इतिहास असतो, देणगीदारांची कृतज्ञ नोंद असते. ते सारे आवश्यकच आहे. परंतु निवासी शाळेतील मुलामुलींचे जे शिक्षण वर्गाबाहेर घडते, त्याची नोंद सहसा कोणत्याही वहीत राहत नाही. म्हणून संपादक मंडळाने लेखाविषयी विचारणा केली, तेव्हा आम्ही इतिहासाचा विषय बाजूला ठेवून नववीच्या सहलीवर लिहिण्याचे ठरविले. गेली अनेक वर्षे ही सहल रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे येथे जाते. दोन दिवस, एक मुक्काम आणि समोर पसरलेली पांढरट वाळू, एवढाच तिचा कार्यक्रम. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना ती आठवत असेल. पालकांपैकी अनेकांना तिची धास्तीही आठवत असेल. त्या धास्तीविषयीही येथे बोलणे आहे.

आपले बहुसंख्य विद्यार्थी खटाव, माण, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांतून येतात. पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात पाणी म्हणजे टँकर, हंडा आणि रांग. ज्या रत्नागिरीत आम्ही त्यांना नेतो, तेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. मलकापूर सोडून गाडी आंबा घाट उतरू लागली की मुले खिडक्यांशी गर्दी करतात. काळी माती संपून तांबडा जांभा सुरू होतो, शेतांचे बांध जाऊन चिऱ्यांचे गडगे येतात, काजू आणि हापूसची कलमे दिसू लागतात. साखरपा, पाली, हातखंबा करीत गाडी निवळी फाट्याला वळते आणि जाकादेवीनंतर वाऱ्याला खारट वास येऊ लागतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्या पश्चिम घाटाचा छेद काढून गुण मिळविलेले असतात, तो घाट मुले प्रथमच पोटातल्या मळमळीसह अनुभवतात. हेही शिक्षणच होय.

गणपतीपुळे हे नाव मंदिरामुळे सर्वत्र माहीत आहे. डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राकडे तोंड करून वसलेल्या त्या मंदिरासाठी वर्षभर भाविकांची रीघ असते. आमची सहल दर्शनासाठी नसते. तरीही इतरांच्या श्रद्धास्थानाजवळून जाताना आवाज खाली आणावा, हे मुलांना निराळे सांगावे लागत नाही. आमचे लक्ष असते ते नावाच्या उत्तरार्धाकडे. पुळे हा शब्द पुळण या शब्दावरून आला असे मानतात. पुळण म्हणजे समुद्रकाठचा वाळूचा विस्तार. गावाने आपल्या नावात वाळू जपून ठेवली आहे. आमचा पाठ त्या वाळूवरच घ्यावयाचा असतो.

आता त्या धास्तीकडे वळू. काही वर्षांपूर्वी सहलीची संमतिपत्रे गोळा करीत असताना एक माउली वसतिगृहावर आल्या. ऊसतोडीच्या हंगामातून एक दिवस काढून, दोन गाड्या बदलून त्या आल्या होत्या. त्यांनी संमतिपत्रावर अंगठा उठविण्यास नकार दिला. "सर, पोरीला डोंगरावर न्या, शहरात न्या, कुठंबी न्या. पाण्याजवळ तेवढी नेऊ नका," असे त्या म्हणाल्या. आम्ही कारण विचारले. त्यांच्या घरात कोणी बुडाले नव्हते. परंतु घरात कोणालाही पोहताही येत नव्हते. आजोबांना येत नव्हते, वडिलांना येत नव्हते. पाण्याशी त्यांची ओळख हंड्यापुरतीच होती.

त्या गेल्यावर आम्ही बराच वेळ विचार करीत राहिलो. खेड्यातील मुलगा पोहायला शिकतो तो गावाच्या विहिरीत, तळ्यात किंवा नदीच्या डोहात. वडील किंवा चुलता कमरेला भोपळा बांधून त्याला पाण्यात सोडतो. पण ज्यांच्या पूर्वजांना पाणवठ्याच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या घरात ही विद्या कोणी कोणाला द्यावी? हक्क नाकारला गेला की त्याबरोबर त्या गोष्टीचे ज्ञानही नाकारले जाते. आणि हक्क परत मिळाला तरी ते ज्ञान आपोआप परत येत नाही. इतिहासाच्या ग्रंथांत पाण्याचे सत्याग्रह आहेत, कायदे आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत. पोहता न येणाऱ्या पिढ्यांची नोंद मात्र कोठेच नाही. ती त्या माउलींच्या भीतीत होती. म्हणून त्यांची भीती आम्हांला अडाणीपणाची वाटली नाही. तिचा मान राखूनच सहल आखली पाहिजे, एवढे मात्र पक्के झाले.

गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तितका सौम्य नाही. येथे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वरचेवर येतात, किनाऱ्यावर धोक्याच्या सूचनांचे फलक आहेत, जीवरक्षक आहेत. तेव्हा सहलीपूर्वीचे आठ दिवस आम्ही वर्गातच समुद्र शिकवितो. कोकणातील जुन्या माणसांचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. ठिकाणागणिक अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो. अचूक वेळेसाठी छापील तक्ते आहेतच. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाण्याचा चढउतार कमी असतो. आमच्या सहलीची तारीख म्हणूनच अष्टमीच्या आगेमागे ठरते. पंचांगाचा एवढा एक उपयोग विज्ञानाच्या शिक्षकांनाही मान्य आहे.

दुसरा पाठ ओढीचा. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचे पाणी कोठे तरी एका चिंचोळ्या वाटेने वेगाने समुद्रात परतते. लाटा फुटत असताना मध्येच जेथे पाणी शांत आणि गढूळ दिसते, तेथे ही ओढ असण्याचा संभव असतो. नवखा माणूस नेमकी तीच शांत जागा पोहण्यासाठी निवडतो. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, कारण पट्टीचा पोहणाराही तेथे दमतो. किनाऱ्याला समांतर सरकावे, ओढीच्या बाहेर पडावे, मगच काठाकडे वळावे. हे ज्याला येत नाही त्याने गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये. हा आमचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. दहा मुलांमागे एक शिक्षक, हातात दोर, गळ्यात शिट्टी आणि दर अर्ध्या तासाने हजेरी. काही माजी विद्यार्थी आजही भेटल्यावर आमच्या त्या शिट्टीची थट्टा करतात. ती आम्ही आनंदाने ऐकून घेतो.

सुरूच्या झाडांतून बाहेर पडून समुद्र समोर आला की मुले ओरडतील अशी नव्या शिक्षकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात बहुतेक मुले गप्प होतात. एका वर्षी जतकडच्या एका मुलाने खूप वेळाने विचारले, "सर, ह्याला पलीकडचा काठ नाही का?" ज्याने तलाव, बंधारा आणि कालवा एवढेच पाहिले आहे, त्याच्या दृष्टीने पाण्याला काठ दोन असतात. पलीकडचा काठ अरबस्तानात आणि आफ्रिकेत आहे, असे आम्ही सांगितले. तो पुन्हा पाहू लागला. आमच्या नकाशाने त्या दिवशी त्याला जे दिले नव्हते ते त्याच्या डोळ्यांनी घेतले.

सकाळी पाणी ओसरू लागले की ओल्या वाळूवर आमचा वर्ग भरतो. प्रत्येक गटाजवळ एक लोहचुंबक असतो. कागदात गुंडाळलेला चुंबक वाळूतून फिरविला की काळे कण त्याला चिकटतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, विशेषतः काळबादेवी आणि मिऱ्याच्या परिसरात, वाळूत इल्मेनाइट व मॅग्नेटाइट ही जड खनिजे आहेत. सह्याद्रीचा कातळ झिजला, नद्यांनी तो खाली आणला, लाटांनी निवडला आणि शंखशिंपल्यांचा चुरा त्यात मिसळला. तेव्हा ही पुळण झाली. ती स्थिरही नाही. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात आणि थंडीच्या शांत महिन्यांत हळूहळू परत आणून टाकतात. मूठभर वाळू हातात घेऊन, ती कोठून आली आणि कोणत्या कारणांनी येथवर पोहोचली हे विचारावयास शिकणे, यापरते कार्यकारणभावाचे दुसरे सोपे साधन आम्हांला माहीत नाही.

थोडे थांबले की वाळू हालू लागते. बारीक खेकडे बिळांतून बाहेर येतात, वाळू तोंडाशी नेतात, तीतले अन्न घेऊन उरलेल्या वाळूच्या गोळ्या मागे टाकतात. तासाभरात बिळाभोवती गोळ्यांची नक्षी उमटते आणि पुढची भरती ती पुसून टाकते. वरच्या कोरड्या वाळूत जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. तिचे नाव मर्यादवेल. तिची मुळे वाळूला धरून ठेवतात, वाऱ्याने उडणारी वाळू तिच्याभोवती साचते आणि किनारा तगतो. समुद्राची मर्यादा सांगणारी म्हणून ती मर्यादवेल. वेल उपटून काढून तेथे खुर्च्या मांडल्या की काय होईल, हे मुलांना सांगावे लागत नाही. ती स्वतःच सांगतात.

वाळूवर जीवन किती फुलू शकते याचे उदाहरण म्हणून आम्ही वर्गात एका दूरच्या बेटाची चित्रे दाखवितो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याजवळ, उपोष्ण कटिबंधात, केगारी नावाचे बेट आहे. लांबी सुमारे एकशे वीस किलोमीटर; जगातील सर्वांत मोठे वाळूचे बेट. त्या वाळूवर उंचच उंच वृक्षांचे वर्षावन उभे आहे आणि पावसाच्या पाण्याची नितळ गोडी तळी आहेत. पूर्वी तेथे वाळूतील खनिजांचे उत्खनन होत असे, लाकूडतोड होत असे. लोकांनी दीर्घकाळ झगडून दोन्ही थांबविले आणि १९९२ साली ते जागतिक वारसा स्थळ झाले. आज हजारो लोक तेथे चालावयास, पोहावयास, तंबूत राहावयास जातात. इतिहासाच्या शिक्षकाला त्यातील आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. युरोपीयांनी या बेटाला फ्रेझर हे नाव दिले होते. तेथील मूळ रहिवासी बुचुल्ला लोक त्याला केगारीच म्हणत. २०२३ साली सरकारने ते मूळ नाव अधिकृतपणे परत दिले. निसर्ग पाहावयास जाणाऱ्याने तेथील माणसांना विसरू नये, ही शिकवण त्या एका नावात आहे. पुळ्यालाही ती लागू पडते.

जवळच्या मालगुंडच्या किनाऱ्यावर जाळीने कुंपण घातलेला वाळूचा एक तुकडा असतो. ऑलिव्ह रिडले जातीची कासविणी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि मागे वळून न पाहता समुद्रात जाते. कुत्री, कोल्हे आणि माणसे यांच्यापासून वाचविण्यासाठी कासवमित्र ती अंडी हलक्या हाताने कुंपणात पुरतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, हे ऐकून आमच्या विज्ञानप्रेमी मुली वह्या काढतात. जिल्ह्यात या कामाची सुरुवात मंडणगड तालुक्यातील वेळास गावी २००२ च्या सुमारास झाली. मंडणगड म्हणजे बाबासाहेबांच्या आंबडवे गावाचाच तालुका. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूण लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. साडेतीन हजार किलोमीटरांचा प्रवास! ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या आईबापांची मुले ही गोष्ट इतर कोणाहूनही अधिक मन लावून ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

मालगुंडहून परतताना घडलेला एक प्रसंग येथे नोंदवितो. मुलांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. रस्त्याकडेच्या एका वाडीत विहिरीवर एक वृद्ध आजी पाणी शेंदत होत्या. आम्ही विचारण्याआधीच त्यांनी मुलांना हाक मारली. चाळीस मुलांच्या बाटल्या भरेपर्यंत रहाट थांबला नाही. शेवटी आमच्याच मोठ्या मुलांनी दोर हाती घेतला. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी गोड! मुले चकित झाली. पावसाचे पाणी वाळूत मुरते, खाऱ्या पाण्याहून हलके म्हणून त्याच्यावर तरंगून राहते. बेताने उपसले तर वर्षभर पुरते आणि अति उपसले तर खालचे खारे पाणी वर चढते, हे आम्ही तेथेच समजावून सांगितले. आजींनी आमचे गाव विचारले, पाऊस विचारला. दुसरे काही विचारले नाही.

त्या रात्री मुक्कामी आम्ही मुलांना दोन प्रवासांची हकीकत सांगितली. दोन्ही बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. पहिली १९०१ सालची. खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तलाव खोदला जात होता आणि रामजीबाबा तेथे रोखपाल होते. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे जावयाचे म्हणून नवे कपडे घालून मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाड्यावर जो मिळाला तो पायी चालला आणि मुलांनी गाडी हाकली. डब्यात अन्न होते. रात्रभर पाणी मिळाले नाही. दुसरी १९३४ सालची. बाबासाहेब आणि सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर प्रवासाच्या धुळीने माखलेले हातपाय प्रवेशद्वाराजवळच्या हौदात धुतले, आणि हौद बाटविल्याचा गिल्ला झाला. किल्ला पाहू दिला तो कोठेही पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून शिपाई सोबत देऊन. या दोन हकीकतींच्या मध्ये १९२३ सालचा बोले ठराव आहे, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर भरलेली ओंजळ आहे. आणि त्या तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघावयास १९३७ साल उजाडले. खटावची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे ती पण सुटीतली सहलच होती." आम्ही होय म्हणालो. आजींच्या विहिरीने सर्व गावांच्या विहिरींचा निकाल लागत नाही, हेही आम्ही मुलांना सांगितले. परंतु जे बदलले आहे ते बदलले आहे असे म्हणणे, हाही इतिहासकाराचा धर्म होय.

मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. १८६६ साली येथे जन्मलेल्या या कवीने अंत्यजाच्या मुलाला पडलेल्या पहिल्या प्रश्नावर कविता लिहिली. त्यांचे स्मारक पाहिल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. परतीच्या वाटेवर आरे-वारेच्या वळणावर गाडी थांबते. खाली लाटांची लांबच लांब पांढरी रेघ दिसते आणि सर्वजण छायाचित्रे काढतात. त्याच किनाऱ्यावर पहाटेपासून मासळी वाळत घालणाऱ्या स्त्रिया असतात, निवासांच्या चादरी धुणारे आणि पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्या वेचणारे हात असतात. याच जिल्ह्यातील दाभोळ बंदरात रमाईंचे वडील माशांच्या टोपल्या वाहत असत. समुद्र कोणाला दोन दिवसांचा विरंगुळा असतो आणि कोणाला जन्मभराचे ओझे. म्हणून निघण्यापूर्वी आमची मुले आपला कचरा तर उचलतातच, शिवाय पन्नास पावले पुढचाही उचलतात. ही शिक्षा नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेले असते.

ज्या माउलींनी संमती नाकारली होती, त्यांच्या मुलीला त्या वर्षी आम्ही नेले नाही. आईच्या शब्दाविरुद्ध जाण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. पुढील वर्षी ती दहावीत असताना माउली पुन्हा आल्या. गुडघ्यापर्यंतचा नियम, दोर, शिट्टी, सारे त्यांनी नीट विचारून घेतले आणि म्हणाल्या, "पोहायला शिकवाल तर न्या." या अटीला आमच्याकडे उत्तर नव्हते. शाळेला तलाव नाही, प्रशिक्षक नाही. ती मुलगी नववीच्या मुलांबरोबर गेली आणि दोन्ही दिवस कोरड्या वाळूवर राहिली, कारण आईला तसा शब्द दिला होता. खेकड्यांच्या बिळांची सर्वांत चांगली नोंद त्या वर्षी तिच्या वहीत होती.

तिच्या आईची अट अजून पुरी व्हावयाची आहे, म्हणून हा लेख माजी विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर ठेवीत आहोत. स्मरणिकेच्या निमित्ताने अनेकजण शाळेला काय द्यावे असे विचारतात. खोल्या झाल्या, संगणक आले, ग्रंथालय वाढले. आता आठवीच्या प्रत्येक मुलामुलीला एका उन्हाळ्यात तालुक्याच्या किंवा शहराच्या तरणतलावावर नेऊन, जाणत्या प्रशिक्षकाकडून पोहणे शिकविता येईल एवढी तजवीज व्हावी. आपल्यापैकी जे पोलीस दलात आहेत, सैन्यात आहेत, क्रीडाशिक्षक आहेत, त्यांना पोहता येते. त्यांनी महिनाभराची सुटी द्यावी. मुलींसाठी स्त्री-प्रशिक्षक मिळावी. जे पैसा देऊ शकतात त्यांनी प्रवासाचा आणि पोशाखाचा भार उचलावा. आजोबांपासून खंडित राहिलेली एक विद्या नातीपर्यंत पोहोचेल. मग नववीच्या जानेवारीत, अष्टमीच्या आगेमागे, जेव्हा गाडी आंबा घाट उतरेल, तेव्हा दोर आणि शिट्टी आम्ही बरोबर घेऊच. पण पाण्यात उतरणाऱ्या मुलांना ते पाणी ओळखीचे असेल.